निवडणूक खर्चाची तीन रंगांची वही

लोकसभा वा विधानसभा लढविणाऱ्या उमेदवाराच्या हाती निवडणूक यंत्रणा एक नोंदवही ठेवते. तिची पांढरी पाने दैनंदिन खर्चासाठी, गुलाबी रोखीसाठी आणि पिवळी बँकेच्या व्यवहारांसाठी. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र खाते उघडावयाचे, दहा हजार रुपयांवरील देणे रोखीने द्यावयाचे नाही आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावयाचा. कसूर झाल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता. प्रवासभत्त्याच्या बिलाला तिकीट जोडले नाही म्हणून ज्याचे बिल परत आले, त्या कारकुनाला ही शिस्त पाहून समाधान वाटावे!

परंतु हा खर्च मोजला जातो तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच. त्यापूर्वीचे वाढदिवसाचे फलक, दहीहंड्या, हळदीकुंकू, देवदर्शनाच्या सहली यांना वहीत पान नाही. २०१३ साली मुंबईतील एका जाहीर समारंभात गोपीनाथ मुंडे यांनी २००९ च्या आपल्या निवडणुकीत आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले, तेव्हा लोकसभेची मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने नोटीस बजावली. श्रोत्यांना मात्र त्या आकड्याचे फारसे आश्चर्य वाटले नसावे. २०२२ मध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ही मर्यादा ९५ लाख करण्यात आली. पण वहीबाहेरचा खर्च मर्यादा वाढवून वहीत येत नाही.

मूळ दुखणे पक्षांच्या तिजोरीत आहे. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात १९७४ साली सांगितले. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून तो निर्णय निष्प्रभ केला! ती पळवाट बुजविण्यास २००३ साल उजाडावे लागले. तरीही ‘स्टार’ प्रचारकांचा प्रवासखर्च वगळलेलाच राहिला आणि पक्षाच्या एकूण खर्चाला आजही कमाल मर्यादा नाही.

देणग्यांची कथा याहून बोलकी. वीस हजारांवरील देणगीदारांची नावे पक्षाने आयोगाला कळवावयाची. त्याखालील रकमांना ते बंधन नाही. २०१७ साली रोख देणगीवर दोन हजारांची मर्यादा घालण्यात आली आणि त्याच वेळी निनावी रोख्यांचे दारही उघडले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनापीठाने ती योजना रद्द केली. त्यानंतर स्टेट बँकेने तपशील जुळविण्यास ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली आणि मार्च संपण्यापूर्वी देणारे व घेणारे दोघेही जनतेसमोर आले. अडचण यंत्राची होती की इच्छेची, हे वाचकांनीच ठरवावे.

२०२३ पासून पक्षांना आपले अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतात; मात्र कारण नमूद करून कागदी अहवाल देण्याची सवलतही ठेवलेली आहे. ती प्रथम काढून घ्यावी. भाजीवालीला मोबाईलवरून दहा रुपये दिले तरी त्याची नोंद तत्क्षणी उमटते. मग मंडप, ध्वनिक्षेपक आणि छपाई यांची देणी उमेदवाराच्या खात्यातूनच देऊन त्यांची नोंद त्याच आठवड्यात मतदाराला का दिसू नये? पक्षांचे खर्चपत्रक आज लोकसभेच्या निवडणुकीनंतर ९० दिवसांनी आणि विधानसभेच्या निवडणुकीनंतर ७५ दिवसांनी अपेक्षित असते. तोवर मंत्रिमंडळे स्थिरावलेली असतात, आणि ते पत्रक वाचण्याचे मतदाराला कारणही उरलेले नसते.