साध्या फोनवर पीएसपीचे गेम अडकतायत? फोन बदलण्याआधी ही सेटिंग बघा

दोन-तीन जीबी रॅमचा फोन, त्यात पीपीएसएसपीपी ॲप टाकलं, गेम सुरू झाला आणि पाच मिनिटांत गाडी रस्त्यावर अडकत चालायला लागली, आवाज फाटायला लागला. पोरं लगेच घरी नवीन फोनचा हट्ट धरतात. बऱ्याच वेळा त्याची गरज नसते.

सोनीचं पीएसपी २००४ साली आलं. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झचा. आजचा स्वस्तातला फोनही कागदावर त्याच्या कितीतरी पुढे आहे. मग अडकतो का? कारण दोघांच्या प्रोसेसरची भाषा वेगळी. मधे एम्युलेटर दुभाष्यासारखा बसतो, गेमचा प्रत्येक हुकूम फोनला कळेल असा करून देतो. एकदा केलेलं भाषांतर तो जपून ठेवतो आणि पुन्हा वापरतो, म्हणून निदान एवढं तरी चालतं.

खरा भार चित्राचा असतो. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा, म्हणजे साधारण १ लाख ३० हजार ठिपके. सेटिंगमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन रेंडरिंग रिझोल्यूशन २ पट केलं की लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट होतात आणि ठिपके चौपट, ५ लाखांच्या वर. ३ पट केलं तर नऊपट! हे १ पटवर आणा. चित्र थोडं धूसर दिसेल, पण गेम पळेल. टेक्स्चर अपस्केलिंगही बंदच ठेवा.

तरी अडकला तर फ्रेम स्किपिंग १ करा. मग एम्युलेटर एक चित्र काढतो, एक सोडतो. गेमचा हिशोब मात्र पूर्ण वेगात चालू राहतो. आकडा त्याहून वाढवला तर झटके बसतात, त्यात मजा नाही.

सुरुवातीला नीट आणि थोड्या वेळाने मंद, असं होत असेल तर दोष सेटिंगचा नाही, फोन तापतोय. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, बॅटरी सेव्हर बंद करा.

आता जपायची गोष्ट. ‘३०० एमबीत जीटीए ५, पीएसपीसाठी’ अशा लिंका ग्रुपवर फिरतात. जीटीए ५ पीएसपीवर कधी निघालाच नाही. लिबर्टी सिटी स्टोरीज आणि व्हाइस सिटी स्टोरीज निघाले होते. अशा लिंकमधली एपीके फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल तर तिथेच डिलीट करा. गेमला मेसेज कशाला लागतात? बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो.

पीपीएसएसपीपी प्ले स्टोअरवर फुकट मिळतं, वेगळी बायोस फाइल लागत नाही. कंपनीच्या गेमच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या कॉप्या बहुतेक बेकायदाच असतात. ॲपमधल्या होमब्रू स्टोअरमध्ये हौशी लोकांनी बनवलेले मोफत गेम आहेत. सेटिंग तपासायला तेवढे पुरतात.