पाळणा हलत नाही, दोष एकट्या बाईचाच कसा?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्याकडे बोट उठते ते बाईकडे. तिला वांझोटी म्हणायचे, देवऋषाकडे न्यायचे, नवस बोलायचे आणि शेवटी पोराचे दुसरे लग्न लावायचे. पोराची तपासणी मात्र कुणी करीत नाही. वास्तविक मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारणही असते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

ही कारणे नशिबात नसतात, ती शोधावी लागतात. तंबाखू आणि दारू ही त्यातली ओळखीची. परंतु रोजच्या ताटातून आणि शेतातून शरीरात जाणाऱ्या रसायनांबद्दल आपल्या वस्त्यांत कुणी बोलत नाही.

१९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका कीटकनाशक कारखान्यातील कामगारांनी एकमेकांशी बोलता बोलता ओळखले की, आपल्यापैकी अनेकांना मुलेच होत नाहीत. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच आढळले नाहीत. डीबीसीपी नावाचे ते रसायन होते. कारण उघडकीस आणले ते कामगारांच्या एकजुटीने! आपल्या देशातही आंध्रातील कापसाच्या शेतात फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या सुमारे एक हजार जोडप्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. इतरांच्या तुलनेत त्यांची जननक्षमता कमी आणि गर्भपाताचे प्रमाण जास्त होते. केरळातील कासारगोडमध्ये एंडोसल्फानच्या फवाऱ्याखाली वाढलेल्या मुलांना वयात येण्यास उशीर होत असल्याचे २००३ साली दिसले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली २०११ साली.

हे विष फवारणाऱ्यापुरतेच थांबत नाही. बोस्टनमध्ये वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या पुरुषांच्या २०१५ च्या अभ्यासात, कीटकनाशकांचा अंश जास्त असलेली फळे-भाज्या सर्वाधिक खाणाऱ्यांच्या शुक्राणूंची संख्या, ती सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा जवळजवळ निम्मी आढळली. काही रसायने शरीरातील पुरुषी संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेटसारखी द्रव्येही त्यातलीच. पिशवीतून नेलेल्या गरम चहात ती उतरू शकतात. म्हणून भाजी सोडू नका, ती वाहत्या पाण्यात नीट धुवा. गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये घेऊ नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे संपर्क थांबला तर पुष्कळदा सुधारणाही होते.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहू. गेवराई-माजलगावच्या कापसावर पंप पाठीवर घेऊन फवारणारा कोण? बहुधा भूमिहीन मजूर. हातमोजे नाहीत, तोंडाला फार तर उपरणे. त्याच हाताने भाकरी खायची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे मेली, तेव्हा कुठे सरकार हलले. मरण दिसते, घराण्याचा खुंटलेला वेल दिसत नाही.

याच जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे २०१९ मध्ये समोर आले. बाईचे शरीर कापायला ही व्यवस्था मागेपुढे पाहत नाही, पुरुषाचे वीर्य तपासायला मात्र लाजते!

तथागतांनी प्रत्येक दुःखाला कारण असते असे शिकविले, आणि बाबासाहेबांनी तीच बुद्धिवादी वाट आपल्याला दिली. त्या वाटेने चालणाऱ्यांच्या घरात तरी नवस-गंडेदोरे नकोत. मूल होत नसेल तर पहिली तपासणी पुरुषाची करा. ती सोपी आणि स्वस्त आहे. तिची सोय प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात झाली पाहिजे. फवारणी करणाऱ्या मजुराला संरक्षक साधने मालकाने दिलीच पाहिजेत, आणि बाजारातील भाजीची तपासणी होऊन तिचा निकाल लोकांपुढे आला पाहिजे. आमच्या कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन तहसीलवर जावे. आणि तोवर निदान आपल्या घरातल्या सुनेला दोष देणे तरी आजच बंद करावे.