चर की खंदक?

ब्रिटनमधल्या कोरड्या उन्हाळ्यात विमानातून शेतांकडे पाहिलं, तर पिवळ्या पडत चाललेल्या पिकात मध्येच एक हिरवागार चौकोन उमटलेला दिसतो. त्याखाली बुजलेला चर असतो. त्यातल्या खोल मातीत ओल टिकते, म्हणून तेवढ्या पट्ट्यातलं पीक उशिरा वाळतं. २०१८च्या कडक उन्हाळ्यात अशा कितीतरी नव्या जागा उजेडात आल्या. पुढे उत्खनन होतं आणि चर इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, म्हणजे ४३ साली रोमन सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या त्या सुमाराचा निघतो. मराठीत आपण लगेच त्याला ‘रोमन खंदक’ म्हणून मोकळे होतो.

पहिला गैरसमज या शब्दातच आहे. खंदक म्हटला की तट, बुरूज, वेढा असं सगळं डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात या काळातले बहुतेक चर शेतकऱ्यांचे आहेत. घर, गोठा, धान्याची जागा यांना वेढणारं आवार आखायचं, पावसाचं पाणी बाहेर काढायचं, गुरं आत ठेवायची, हे त्यांचं काम. खणून काढलेल्या मातीचा कडेला बांध व्हायचा.

‘तळाशी निमुळता होत गेलेला चर म्हणजे सैन्याचाच’ हेही खरं नाही. तसा आकार शेतवस्त्यांच्या चरांनाही असतो. केंटमधल्या एब्सफ्लीट इथला चर चार-पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल. लेस्टर विद्यापीठाच्या पथकाने २०१७ साली त्याचा संबंध ज्युलियस सीझरच्या इसवी सनपूर्व ५४च्या स्वारीशी जोडला, तो नुसत्या आकारावरून नाही. फ्रान्समधल्या अलेसियाला सीझरनेच घातलेल्या वेढ्यातल्या चरांशी त्याचं साम्य होतंच, पण खापरं, कार्बन कालमापन, लोखंडी शस्त्रांचे तुकडे आणि समुद्रकाठची मोक्याची जागा या सगळ्यांची साक्ष एकत्र आली, तेव्हा कुठे हा निष्कर्ष मांडला गेला.

सर्वांत चिवट गैरसमज काळाबद्दलचा आहे: चरात ज्या काळाची वस्तू सापडली, त्या काळात चर खणला. हे नीट कळायला चराचा छेद पाहायला हवा. चराला आडवा काप घेतात, कापाची उभी भिंत करणीने साफ करतात, माती सुकली असेल तर तिच्यावर पाण्याचा फवारा मारतात, आणि मग रंग वेगळे होतात. अगदी तळाला कडांवरून ढासळलेली भरड माती. तिच्यावर वाहून आलेला बारीक गाळ. त्यावर काळसर थर, त्यात राख, हाडं, फुटकी भांडी. या सगळ्या थरांना चर भरत गेल्याचा काळ ठाऊक आहे, खणल्याचा नाही. विल्टशरमध्ये ओव्हरटन डाउन इथे १९६० साली खडूच्या जमिनीत मुद्दाम असा चर खणून त्याशेजारी बांध घातला, आणि १, २, ४, ८, १६, ३२ अशा वर्षांच्या अंतराने तो कापून पाहिला. सुरुवातीच्या काही हिवाळ्यांतच कडा भराभर ढासळल्या. पुढे गवत धरलं आणि भरण्याचा वेग मंदावला. म्हणजे वापरातला चर पुन्हा पुन्हा उपसावाच लागणार, आणि प्रत्येक उपशाबरोबर जुना पुरावा बाहेर फेकला जाणार. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) कारखान्यांची तकतकीत लाल भांडी, कधी तळाला कुंभाराचा शिक्का असलेली, दोन-तीन दशकांच्या अंदाजाने काळ सांगतात. पण असं खापर एवढंच सांगतं, की तो थर त्या भांड्याच्या आधीचा नाही. शंभर वर्षं आधी खणलेल्या चरातही ते पडू शकतं.

मग या आवारात राहत कोण होतं? ‘रोमन काळातले’ म्हणजे रोमहून आलेले, असं समजायचं कारण नाही. बहुतेक तिथलेच ब्रिटन लोक, आजोबांसारख्याच गोल घरांत राहणारे, फक्त ताटात नवं भांडं आलेलं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन जगातून आलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, म्हणून आपण कोल्हापूरकरांना रोमन ठरवत नाही. तोच न्याय तिथेही लावायला हवा.

सोन्यानाण्यांसाठी तर आज कुणी हे चर उकरतच नाही. १९९०पासून इंग्लंडमध्ये बांधकामाची परवानगी देताना जमिनीखालच्या अवशेषांचा विचार करावा लागतो, म्हणून बहुतेक उत्खननं रस्ते आणि घरकुलांच्या आधी होतात. तिथली खरी दौलत बादलीभर मातीत असते. ती माती पाण्यात ढवळली की जळलेले गव्हाचे दाणे आणि तणांच्या बिया वर तरंगतात. बारीक चाळणीत त्या धरल्या, की त्या घरी काय पिकत होतं ते कळतं.

आणि चर सबंध उकरतात असंही नाही. ठरावीक अंतरावर काप घेतात, कारण एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. जिथे बांधकामाचा धोका नसतो, तिथे उरलेला चर मातीखाली तसाच राहू देतात.