अननसाचे काचपेटीतील भाऊबंद

ज्यांच्या परसात अननसाचे बेट आहे, त्यांना ब्रोमेलियाड या कुळाची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. अननस हाच त्या कुळातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष होय. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचा. १४९३ साली ग्वादलूप बेटावर कोलंबसाच्या तो दृष्टीस पडला. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानात आणला, आणि येताना त्याने आपले नावही बरोबर आणले. मोगल बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात फिरंग्यांच्या बंदरांत होणाऱ्या या फळाचा उल्लेख केला असून, आग्र्याच्या बागेत ते दरसाल हजारोंनी निघत असल्याचेही लिहून ठेवले आहे.

या कुळात तीन हजारांहून अधिक जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतील एकुलती एक जात सोडली तर बाकी सर्व अमेरिका खंडातल्या. अननस जमिनीवर वाढतो. पण त्याचे पुष्कळसे भाऊबंद उंच वृक्षांच्या फांद्यांवर बसून राहतात. त्यांना बांडगूळ मात्र म्हणू नये. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर वाढणाऱ्या आमरीप्रमाणे ती झाडाचा केवळ आधार घेतात, रस शोषीत नाहीत. पाने एकात एक अशी घट्ट बसलेली असतात की मध्यभागी आपोआप एक द्रोण तयार होतो. पावसाचे पाणी आणि गळून पडलेला पालापाचोळा या द्रोणात साठतो व पाने तेथूनच अन्नपाणी घेतात.

या द्रोणांत एक निराळेच जग नांदत असते. जमेका बेटावर एक इवलासा खेकडा आपली पिल्ले याच पाण्यात वाढवितो. मादी त्यात कुजणारी पाने बाहेर काढून टाकते आणि गोगलगाईंचे रिकामे शंख आणून ठेवते. त्या शंखांतील चुन्याने पाण्याचा आंबटपणा कमी होतो व पिल्लांच्या कवचालाही पोषण मिळते. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या ज्या अरण्यांत यांतील कित्येक जाती उगवतात, त्यांचा फार मोठा भाग आज तोडला गेला आहे. म्हणून रानातून उपटून आणलेले झाड घेऊ नये. रोपवाटिकेत वाढविलेलेच घ्यावे. एका झाडाची चार झाडे कशी करावी हे ज्याला कळले, त्याला रानाकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

काचपेटीत झाडे लावण्याची कल्पना लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांची. गिरण्यांच्या व चुलींच्या धुराने त्यांचे नेचे जगत नसत. १८२९ साली एका पतंगाचा कोश त्यांनी ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला असता, त्या मातीतून नेचा व गवत यांचे कोंब उगवले. मातीतील ओलावा वाफ होऊन काचेला लागे व पुन्हा थेंबाथेंबाने खाली येई. १८३३ साली अशाच पेट्यांतून नेचे व गवते लंडनहून सिडनीपर्यंत कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासात जिवंत पोहोचली.

आपल्या घरी अशी पेटी करणे अवघड नाही. हातभर लांबीची व त्याहून थोडी अधिक उंचीची माशांची जुनी काचपेटी चालते. तळाशी दोन इंच विटांचे बारीक तुकडे व लाकडी कोळसा घालावा, त्यावर जाळीचे कापड पसरावे आणि वर नारळाचा काथ्या, पानांचे खत व जाड वाळू यांचे मिश्रण भरावे. समुद्रकाठच्या काथ्यात मिठाचा अंश असतो. म्हणून तो गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून धुऊन घ्यावा. क्रिप्टँथस नावाची ताऱ्याच्या आकाराची ठेंगणी जात मातीत लावावी. निओरेगेलियाच्या लहान जाती मात्र मातीत पुरू नयेत. वाळलेल्या फांदीवर किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यावर दोऱ्याने बांधाव्यात. बांधण्यासाठी तांब्याची तार कधीही वापरू नये, कारण तांबे या कुळाला विषासमान आहे.

पेटी खिडकीजवळ भरपूर उजेडात असावी, परंतु दुपारचे ऊन थेट काचेवर येऊ देऊ नये. बंद काचेत झाडे शिजून निघतात. अंधाऱ्या घरात दहा-बारा तास एलईडी दिवा लावावा. उजेड कमी पडला तर पानांची लाली जाऊन ती हिरवी व लांबोडकी होतात. झाकणाचा काही भाग बारीक जाळीचा ठेवावा, म्हणजे हवा खेळती राहून कूज धरत नाही आणि डासही आत जात नाहीत. पाणी पावसाचे उत्तम. विहिरीच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात. द्रोणात थोडे पाणी असावे व ते अधूनमधून बदलावे. ही झाडे पेटीबाहेर अंगणात ठेवली असतील तर द्रोणातले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणे अगत्याचे आहे, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. खत जवळजवळ नकोच.

आता मुख्य गोष्ट. निओरेगेलियाचे झाड आयुष्यात एकदाच फुलते. मधली पाने लालबुंद होतात आणि द्रोणातल्या पाण्यातून निळसर, नाजूक फुले डोकावतात. त्यानंतर झाड वाढत नाही. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू सुकते. माझ्या पहिल्या झाडाचे असे झाले तेव्हा ते मेले असे समजून मी उकिरड्यावर टाकले. रविवारी मिसाहून परतताना माझ्या आत्याने ते पाहिले. तिला ब्रोमेलियाड हा शब्दही ठाऊक नव्हता. तिचा सारा जन्म मात्र अननसाच्या वाडीत गेला होता.

"अरे, फेकण्यापूर्वी तिची कूस तरी पाहायची होतीस," ती म्हणाली.

तिने खालचे सुकलेले पान बाजूला केले. बोटाच्या पेराएवढा एक फुटवा तेथे हिरवागार उभा होता. फळ काढल्यावर अननसाच्या बुंध्याशी फुटवे येतात, ते लावून नवी बाग होते. शेंड्याचा तुराही रुजतो, पण फळाला फुटव्यापेक्षा अधिक काळ घेतो. हे मला लहानपणापासून माहीत होते. काचेतल्या झाडाला तोच नियम लागू असेल, हे मात्र माझ्या ध्यानी आले नव्हते.

झाड परत पेटीत आले. पण मी दुसरी चूक केली. फुटवा दोन बोटे उंच होताच अधीर होऊन मी तो कापला. आठ दिवसांत तो बुंध्याकडून कुजला. आत्या रागावली नाही. "तान्हे होते ते," एवढेच ती म्हणाली. सुदैवाने त्या मायझाडाला पुढे आणखी दोन फुटवे आले, आणि या वेळी मी वाट पाहिली.

म्हणून नियम असा : फुटवा मायझाडाच्या एक तृतीयांश ते निम्म्या उंचीचा झाल्याशिवाय तोडू नये. सुकत चाललेली माय तोवर त्याला आपल्यातले अन्न पुरवीत असते. मग स्वच्छ, धारदार सुरीने अगदी बुंध्याशी कापावा, एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी व नंतर बांधावा. मुळे नसली तरी चिंता नको. ती मागाहून येतात. क्रिप्टँथसचे फुटवे पानांच्या बगलेत येतात व तयार झाले की हलक्या हाताने सुटतात. मायझाड लगेच काढू नये. पुष्कळदा ते आणखी एखादा फुटवा देऊन जाते.

फुले लवकर यावीत म्हणून काही लोक झाड पिकलेल्या सफरचंदाबरोबर आठ-दहा दिवस पिशवीत बंद करून ठेवतात. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने झाड फुलोऱ्यावर येते, हे खरे. परंतु फुलणे म्हणजे त्याची स्वतःची वाढ थांबणे, हे ज्याने पाहिले आहे त्याने पुरत्या न वाढलेल्या झाडावर ती घाई लादू नये.

आत्या आज हयात नाही. तिने उकिरड्यावरून उचललेल्या झाडाची चौथी पिढी माझ्या खिडकीतल्या काचपेटीत आहे, आणि गेल्या पावसाळ्यात तिच्या मधल्या पानांवर लाली चढू लागली. खालचे पान बाजूला करून मी रोज कूस पाहतो.