गिझर बदलायचा की फक्त कॉइल?

थंडीच्या दिवसांत गिझरच्या नळाला गार पाणी येऊ लागले की, ‘गिझर गेला’ असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. पूर्वी कोकणातल्या न्हाणीघरात चुलीवरचा तांब्याचा हंडा किंवा बंब असे. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. आज पेण आणि रोह्याच्या सदनिकांमध्ये त्यांची जागा गिझरने घेतली आहे. मात्र, अनेकदा बिघाड असतो तो आतल्या कॉइलमध्ये. टाकी शाबूत असेल तर कॉइल बदलून गिझर पूर्ववत चालू शकतो.

कॉइल का जळते?

गिझरच्या कॉइलमध्ये निकेल-क्रोमियम मिश्रधातूची तार असते. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते आणि त्यावर तांब्याचे किंवा अन्य गंजरोधक धातूचे आवरण असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते. वीज मात्र अडवते.

कॉइलचे आयुष्य बऱ्याच अंशी पाण्यावर अवलंबून असते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजनिर्मितीनंतर कुंडलिका नदीत येते. पावसाच्या अशा साठवलेल्या पाण्यात क्षार तुलनेने कमी असतात. विंधन विहिरीच्या पाण्यात ते अधिक असू शकतात, तर धरमतर खाडीकाठच्या पेणच्या खारेपाटात भूजलाला खारटपणाची बाधा होते. जड पाणी तापले की त्यातील क्षारांचा पांढरा थर कॉइलवर साचतो. मग उष्णता पाण्यात उतरत नाही आणि कॉइल स्वतःच्याच उष्णतेने जळते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे आवरणाला बारीक छिद्रे पडतात.

आधी निदान

पाणी उशिरा तापणे हा दरवेळी कॉइलचा दोष नसतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण एक युनिट वीज लागते. म्हणजे दोन किलोवॉटच्या गिझरला सुमारे अर्धा तास. विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर हीच कॉइल जेमतेम सव्वा किलोवॉट देते आणि वेळ पन्नास मिनिटांवर जातो. अशा वेळी नव्या कॉइलचा काहीच उपयोग नाही.

दिवा लागतो, पण पाणी तापत नाही, अशा वेळी मल्टिमीटरने तपासणी करावी. वीज तोडून, दोन्ही वायरी सोडवून मोजल्यास दोन किलोवॉटच्या चांगल्या कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम भरतो. मीटरने काहीच जोडणी दाखवली नाही, तर तार तुटलेली आहे. रोध योग्य असल्यास थर्मोस्टॅट किंवा थर्मल कटआउट तपासावे. कटआउट पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर त्याला वगळून थेट जोडणी मुळीच करू नये. पाणी अति तापण्यापासून वाचवणारा तो शेवटचा अडसर असतो.

गिझर लावताच आरसीसीबी ट्रिप होणे किंवा पाण्याला झिणझिण्या येणे ही मात्र धोक्याची घंटा आहे. आवरण फुटून वीज पाण्यात उतरत असल्याचा तो संकेत असू शकतो. अर्थिंग नसेल तर ही वीज अंघोळ करणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत जाते. अशा गिझरचा वापर तत्काळ थांबवावा.

कॉइल बदलण्याचा क्रम

हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. मात्र ते कसे होते, हे घरमालकाला ठाऊक असावे. प्रथम एमसीबी बंद करून प्लग काढावा आणि पाणी गार होऊ द्यावे. पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडावा. नळ उघडल्याने टाकी रिकामी होते, हा गैरसमज आहे. उभ्या गिझरमध्ये गरम पाणी वरच्या बाजूने घेतले जाते, त्यामुळे उरलेले पाणी थंड पाण्याची खालची जोडणी सोडवूनच काढावे लागते.

त्यानंतर झाकण काढून वायरींच्या जागांचे छायाचित्र घ्यावे. नटबोल्ट सोडवून कॉइल बाहेर काढावी व तळाचा गाळ धुवावा. नवी कॉइल त्याच वॉटची आणि त्याच मापाची हवी. रबरी गॅस्केट नवे घालावे. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड झिजला असेल तर तोही याच वेळी बदलावा. टाकीऐवजी स्वतः गंजणे हेच त्याचे काम असते. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळावेत.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. गरम नळातून पाण्याची अखंड धार येईपर्यंत टाकी भरावी, गळती नाही याची खात्री करावी आणि मगच वीज सुरू करावी. कोरड्या टाकीत नवी कॉइल काही क्षणांत जळू शकते.

खबरदारी

दोन किलोवॉटचा गिझर सुमारे पावणेनऊ अ‍ॅम्पिअर वीज खेचतो. त्याला अर्थिंग असलेले १६ अ‍ॅम्पिअरचे सॉकेटच हवे. ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी बसवून तिचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. जड पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्यावी. टाकीच गळू लागली असेल, तर मात्र कॉइलवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. तेव्हा आयएसआय चिन्ह पाहून नवा गिझर घेणेच शहाणपणाचे.