‘टेरेस’चे मराठी प्रतिशब्द : अर्थक्षेत्राचा एक अभ्यास

अर्थक्षेत्र म्हणजे परस्परसंबद्ध शब्दांचा असा गट, की ज्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांमुळे निश्चित होतो. दोन भाषांची अर्थक्षेत्रे सहसा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. अनुवाद करताना आणि परिभाषा घडवताना याचा अनुभव पदोपदी येतो. या घटकात ‘टेरेस’ या इंग्रजी शब्दाच्या आधारे आपण हे पाहू.

‘टेरेस फार्मिंग’ ही शब्दसंहती घ्या. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिचा अर्थ गच्चीवर कुंड्यांतून केलेली भाजी असा वाटेल, तर भूगोलाच्या विद्यार्थ्याला डोंगरउतारावरील पायऱ्यांची शेती आठवेल. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. परंतु फिलिपिन्समधील इफुगाव लोकांच्या भातशेतीवरील लेखाचा अनुवाद करताना कोणी ‘गच्चीवरील शेती’ असे लिहिले, तर १९९५ साली जागतिक वारसा यादीत गेलेले डोंगरच्या डोंगर एका इमारतीवर येऊन बसतील.

हा घोटाळा का होतो, हे शब्दाच्या घडणीत पाहता येते. ‘टेरेस’च्या मुळाशी ‘टेरा’ म्हणजे भूमी, माती हा लॅटिन शब्द आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना मातीचा भराव, उंच केलेली सपाट जागा असा त्याचा अर्थ झाला. सपाट पृष्ठभाग, भोवतालापेक्षा उंची आणि एका बाजूला तुटलेली कड, एवढे तीन अर्थघटक जुळले की इंग्रजीला हा शब्द चालतो. नदीकाठ, शेत, छप्पर, बागेतील उंचवटा, फुटबॉलच्या मैदानातील उभे राहण्याच्या पायऱ्या, या सर्वांना तो लागू पडतो. ब्रिटनमध्ये सामाईक भिंतींनी जोडलेल्या घरांच्या रांगेलाही ‘टेरेस’ म्हणतात. कादंबरीच्या अनुवादात ‘टेरेस्ड हाउस’चे ‘गच्ची असलेले घर’ झालेले आढळले, तर मूळ घराला गच्ची नव्हतीच, हे ओळखावे.

इंग्रजीने आकार पाहिला. मराठीने काय पाहिले?

घराच्या सपाट छपरापासून सुरुवात करू. ‘गच्ची’ या शब्दाचा संबंध फारसी ‘गच’शी, म्हणजे चुन्याच्या गिलाव्याशी आहे. ‘चुनेगच्ची इमारत’ या प्रयोगात तो अजून जिवंत आहे. गंमत अशी की संस्कृतातील ‘सौध’ हा शब्दही ‘सुधा’पासून आला आणि तेथे सुधा म्हणजे अमृत नव्हे, चुना. चुन्याने लिंपलेले ते सौध. बंगळुरूच्या ‘विधान सौध’ या नावात हाच शब्द आहे. दोन निरनिराळ्या भाषांकडून आलेले हे दोन्ही शब्द बांधकामाचे साहित्य सांगतात आणि चुना परवडणाऱ्यांची घरेही सुचवतात.

ज्यांना चुना परवडत नव्हता, त्यांच्या छपराला वेगळे शब्द आहेत : ‘धाबे’ आणि ‘माळवद’. तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यांवर पाल्याचे आच्छादन आणि त्यावर चोपून बसवलेला मातीचा जाड थर, अशी ही रचना असते. पाणी झिरपू न देणारी खारवट पांढरी माती त्यासाठी मुद्दाम आणली जाते आणि पावसाळ्यापूर्वी तिचा नवा थर द्यावा लागतो. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवद, तर खानदेश-विदर्भाकडे धाबे हा शब्द अधिक कानी पडतो. अर्थात ही सीमा काटेकोर नाही. कोकणातील मुसळधार पावसात मातीचे सपाट छप्पर टिकणार नाही, म्हणून तेथे उतरती कौले आली. पर्जन्यमानाचा नकाशा आणि शब्दांचा नकाशा असे एकमेकांजवळ येतात. ‘धाबे दणाणणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पण डोक्यावरचे मातीचे छप्परच हादरले, ही त्यातील प्रतिमा धाब्याच्या घरात राहिलेल्यालाच नेमकी कळेल. सिमेंटच्या स्लॅबखाली वाढलेल्या पिढीसाठी तो केवळ भीतीचा अर्थ देणारा, आतून रिकामा झालेला प्रयोग आहे.

आता उताराकडे वळू. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात उतार कापून, जमीन सपाट करून आणि बांध घालून भाताची खाचरे तयार करतात. त्यांना ‘मजगी’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवा घातलेला दगडमातीचा बांध म्हणजे ‘ताल’. मजगीत पाणी साठवायचे असते, तालीत मुख्यतः माती अडवायची असते. पाठ्यपुस्तकांतील ‘पायऱ्यांची शेती’ हा शब्द हा भेद पुसून टाकतो. तो समोरच्या डोंगरावर उभे राहून पाहणाऱ्याचा शब्द आहे. मजगी आणि ताल हे त्यात राबणाऱ्याचे शब्द आहेत. कृषिखात्याने आपल्या कामासाठी ‘मजगीकरण’ अशी संज्ञा स्वीकारली, हे मला शहाणपणाचे वाटते. शेतकऱ्याचाच शब्द घेऊन त्याला प्रत्यय लावला, म्हणून पत्रक वाचणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

नदीच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. नदी पुराबरोबर गाळ आणून काठाशी सपाट मैदान तयार करते. पुढे भूभाग उचलला गेला, हवामान बदलले किंवा नदी जेथे मिळते तेथील पाण्याची पातळी खाली गेली, तर ती आपले पात्र अधिक खोल कोरू लागते. जुने पूरमैदान मग वर, कोरडे राहते. हे पुन्हा पुन्हा घडले की दोन्ही काठांवर टप्पे दिसतात. उत्खननात जितके खोल जावे तितके जुने सापडते. येथे सामान्यतः जितका टप्पा उंच तितका जुना. नदीच्या अशा जुन्या गाळांना पुरातत्त्वात मोठे महत्त्व आहे. ज्ञानेश्वरीमुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले आणि प्रवरेच्या वाळूगोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे मिळाली.

या भूरूपाला बोलीत सर्वत्र रुळलेला शब्द नाही. ही भूवैज्ञानिकांनी वेगळी काढलेली संकल्पना असल्याने संज्ञा घडवणे भागच होते. ‘वेदिका’ आणि ‘सोपान’ असे दोन संस्कृत पर्याय पुस्तकांतून आढळतात. वेदिका म्हणजे एक उंच सपाट जागा. सोपान म्हणजे जिना, पायऱ्यांची मालिका. एका टप्प्याला सोपान म्हणणे मला म्हणूनच खटकते. ‘पायरी’ या साध्या शब्दात मात्र एकवचन-अनेकवचनाची सोय आपोआप होते : एक टप्पा ती पायरी, अनेक टप्पे त्या पायऱ्या. अडचण एवढीच, की नदीची पायरी म्हटल्यावर मराठी मनाला घाट आठवतो, आणि घाट माणसाने बांधलेला असतो. या एका कारणासाठी ‘नदीवेदिका’ स्वीकारावी, असे माझे मत आहे. समुद्रकाठच्या ‘तरंगघर्षित मंच’ या संज्ञेतील ‘मंच’ही याच न्यायाने योग्य ठरतो.

शेवटी उसन्या घेतलेल्या ‘टेरेस’ची मराठीतील अवस्था पाहू. इंग्रजीत एवढा पसरट असलेला हा शब्द शहरी मराठीत अगदी आखूड झाला. ‘टेरेस फ्लॅट’ म्हणजे खासगी वापराची उघडी जागा जोडलेली सदनिका. सर्वांची सामाईक असते ती बहुधा अजूनही ‘गच्ची’. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये भाडेकरूंचा लढा गच्चीसाठी आहे, तेथे ‘टेरेस’ हा शब्द घालून पाहा, लढ्यातला सामाईकपणाच निघून जाईल. अर्थसंकोचाचे हे चांगले उदाहरण आहे : आगंतुक शब्दाने जुन्या शब्दाला हुसकावले नाही, दोघांनी जागा वाटून घेतली. धाबे आणि माळवद यांना अशी वाटणी मिळाली नाही, कारण त्यांची घरेच पाडली जात आहेत.

कृती : आपल्या गावातील किंवा आजोळच्या साठीपलीकडील तीन व्यक्तींना सपाट छपरासाठी आणि उतारावरील शेतासाठी कोणते शब्द वापरतात ते विचारा. प्रत्येक शब्दासोबत बांधकामाचे साहित्य, त्या जागेचा वापर आणि सांगणाऱ्याचे गाव यांची नोंद करा. छपरावर काय वाळवले जाई, हेही विचारा. बरेचसे शब्द त्या उत्तरातच सापडतात.