अस्थी आणि दुभाषे

ठाण्यात खोपटच्या एस.टी. स्थानकापासून मासुंद्याच्या दिशेने पायी निघालेल्या मनुष्यास तलावाजवळ संत जॉन बाप्तिस्ता यांचे चर्च लागते. आणि ज्या नगरीत इ.स. 1321च्या एप्रिल महिन्यात चार फ्रान्सिस्कन संन्याशांचे रक्त सांडले ती नगरी हीच, हे मी या रस्त्याने अनेक वर्षे ये-जा करूनही जाणत नव्हतो, याची खंत मला आजही वाटते.

तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री अशी त्यांची नावे. निघाले होते ते कोल्लमकडे. जहाजाने आणून सोडले ठाण्यास. येथील नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा मुक्काम पडला, त्या घरातील नवराबायकोच्या तंट्याची फिर्याद काझीपर्यंत गेली, साक्षीस बोलावलेल्या या परदेशीयांना धर्माविषयी प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी उत्तरे न लपविता दिल्यामुळे त्यांस देहदंड झाला. त्यांचे सोबती जॉर्डेनस हे डोमिनिकन साधू त्या वेळी ठाण्याबाहेर होते. परतल्यावर त्यांनी ती कलेवरे सोपाऱ्यास नेऊन पुरली आणि सारा वृत्तान्त पत्रांतून कळविला. यादवांचे राज्य नुकतेच लयास गेले होते आणि नामदेव महाराज अद्याप हयात होते, असा तो काळ.

काही काळाने ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन यात्रेकरू येथे आला. त्याने त्या अस्थी उकरून वस्त्रात बांधल्या आणि समुद्रमार्गे चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेऊन तेथील आपल्या बंधूंच्या स्वाधीन केल्या. 1330 साली पादुआ येथे त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. त्यात वारा पडून गलबत खोळंबले असता एक अस्थी समुद्रात सोडताच वारा सुटल्याची कथा आहे. ही कथा वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मंगळवेढ्याची पडलेली वेस उभी राहिल्यावाचून राहत नाही. कारण त्याच शतकात, 1338 साली, तिच्याखाली गाडल्या गेलेल्या चोखोबांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखून नामदेवांनी पंढरीस आणल्या, अशी आपली परंपरा सांगते. दोन्ही ठिकाणी संताच्या मागे त्याची हाडे जिवापाड वाहून नेणारा एक स्नेही उभा आहे, आणि माझ्या मते त्या स्नेह्याचे पुण्य संताच्या पुण्याहून अणुमात्र उणे नाही.

थॉमस यांची भक्ती रोमने 1894 साली, म्हणजे 573 वर्षांनी, अधिकृतपणे मान्य केली. खाडीपलीकडील वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचे भाग्य तुलनेने सत्वर उदयास आले. पोर्तुगीज पिता आणि वसईकर माता यांचा हा पुत्र पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, तेथील भाषा आत्मसात करून मकावमध्ये व्यापारात स्थिरावला, आणि पुढे ते सारे सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामान्य बंधू म्हणून दाखल झाला. 1593 साली संघाचे शिष्टमंडळ जपानला निघाले तेव्हा दुभाषी म्हणून त्याचीच निवड झाली. पुढे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने क्योटोपासून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात चालवीत नेलेल्या 26 जणांत तो होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी सर्वांना क्रुसावर चढविण्यात आले. 1862 साली गोन्सालो यांस संतपद बहाल झाले आणि या भूमीत जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत ठरले. वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे.

परंतु माझे मन पुन्हा पुन्हा वळते ते दिमित्री यांच्याकडे. ते दीक्षित धर्मगुरू नव्हते. थॉमस आदींबरोबर होते ते अनेक भाषा जाणणारे सामान्य बंधू म्हणून. परक्या दरबारात दुभाष्याच्या मुखातून निघणारा शब्द दुसऱ्याचा असतो, त्याची किंमत मात्र कधी कधी त्याच्या स्वतःच्या प्राणाने चुकती करावी लागते. तिफ्लिसच्या त्या माणसाने ती ठाण्यात चुकविली, वसईच्या माणसाने नागासाकीत.